ताइनाराच्या पेशी

ताइनाराचा पहिला दात आमच्याकडे आला तो मेलेलाच.

दुधाच्या दाताच्या आत इवलासा लालसर गर असतो. त्यातल्या पेशी जिवंत असल्या तरच आमचं काम सुरू होतं. आम्ही घरोघरी गुलाबी पाण्याची एक नळी पाठवतो. मुलाचा दात पडला की आईबापांनी तो त्या नळीत टाकायचा, बर्फाच्या पिशवीत गुंडाळायचा आणि दोन दिवसांच्या आत साओ पावलोला आमच्या प्रयोगशाळेत पोचवायचा. ताइनाराचा दात पडला कार्निव्हलच्या शुक्रवारी. पुढे पाच दिवस सगळा देश नाचत होता, टपालखात्यासकट. गुरुवारी नळी माझ्या हातात आली तेव्हा पाणी पिवळं पडून गढूळ झालं होतं.

मी तिथे तंत्रज्ञ आहे. नाव रोझाल्वा. पेशी वाढवणं, एक दिवसाआड त्यांचं पाणी बदलणं, त्यांना खायला घालणं, ही माझी कामं. तेव्हा आणखी एक काम माझ्याकडे होतं, दर शुक्रवारी मुलांच्या घरी फोन करायचं. आमच्या प्रमुख डॉक्टर ओदेत हुशार बाई, पण त्या फोनवर बोलल्या की पलीकडच्या आईला काही कळायचं नाही आणि ती घाबरून जायची. म्हणून त्यांनीच ते माझ्याकडे दिलं होतं.

तर त्या शुक्रवारी मी लिन्स गावी, त्यांच्या घरी फोन लावला आणि ताइनाराच्या आईला दात वाया गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता ही रडणार. तर ती हसायला लागली.

"अख्ख्या लिन्समधली पोरं दात छपरावर फेकतात," ती म्हणाली. "माझ्या पोरीचा तेवढा टपालवाल्यांनी खाल्ला! असू दे, दोना रोझाल्वा. तोंडात अजून एकोणीस आहेत."

ही मार्लूसिया. 'दोना' म्हणजे बाई, मला ती मानानं तसंच म्हणायची. लिन्समधल्या सरकारी शाळेत स्वयंपाकीण. नवरा जेनिवाल्दो उसाचा ट्रक चालवायचा, हंगामात आठ-आठ दिवस घरी नसायचा. ताइनारा त्यांची एकुलती एक, तेव्हा सहा वर्षांची. दीड वर्षाची होईपर्यंत इतर मुलांसारखीच होती. 'आई' म्हणायची, 'पाणी' म्हणायची, शेजारच्या कुत्र्याला नावानं हाक मारायची. मग तीन महिन्यांत एकेक शब्द गेला. हातात धरलेला चमचा गळून पडायला लागला. आणि दोन्ही हात एकमेकांवर चोळणं सुरू झालं, नळाखाली कपडे धुतल्यासारखं, सकाळपासून झोपेपर्यंत. एका जनुकातला एक बिघाड, बहुतेक मुलींनाच होतो. डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेट सिंड्रोम. औषध सांगितलं नाही, कारण नव्हतं.

जिवंत मुलीचं डोकं उघडून आत काय बिघडलंय ते कुणाला बघता येत नाही. म्हणून हा दाताचा खटाटोप. दाताच्या गरातल्या पेशींना आम्ही मागे नेतो, आईच्या पोटातल्या पहिल्या दिवसांत असतात तशा मूळपेशी होईपर्यंत. मग त्यांना पुढे आणून मेंदूतल्या चेतापेशी बनवतो. काचेच्या डिशमध्ये त्या वाढतात, एकमेकींना जोडल्या जातात. त्या मुलीचंच जनुक, त्या मुलीचाच बिघाड.

"म्हणजे माझ्या पोरीचा मेंदू तुमच्या फ्रीजमध्ये राहणार?" मार्लूसियानं विचारलं होतं.

"मेंदू नाही गं. मेंदूत असतात तसल्या पेशी. आणि फ्रीजमध्ये नाही, उबेत ठेवतो."

"उबेत ना? मग ठीक आहे."

दुसरा दात मे महिन्यात हलायला लागला. या वेळी तिनं टपालावर भरवसा ठेवला नाही. दात पडला त्याच दिवशी पोरीला शेजारणीकडे सोपवून ती बसमध्ये चढली आणि सात तासांनी आमच्या दारात उभी राहिली. ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. एका हातात मक्याच्या पिठाच्या केकचा डबा, दुसरा हात छातीशी दाबलेला. बर्फाची पिशवी आणि नळी तिनं ब्लाउजमध्ये खोचून आणली होती.

"आधी हे धरा," ती म्हणाली, "मग मिठी मारा. वाटेतल्या बाउरूपासून माझ्या छातीचा बर्फ झालाय!"

तो दात जगला. नुसता जगला नाही, आमच्याकडच्या सगळ्या दातांपेक्षा त्याच्या पेशी चांगल्या वाढल्या. असं का होतं ते आम्हाला सांगता येत नाही. काही पेशी लाडावलेल्या असतात, काही चिवट. ताइनाराच्या चिवट होत्या.

चेतापेशी तयार व्हायला वर्ष गेलं. त्या वर्षात आम्हा दोघींचे शुक्रवारचे फोन बाजूला पडले आणि आम्ही एकमेकींना मोबाइलवर आवाजी निरोप पाठवायला लागलो. मी तिला सांगायची, आज तुझ्या पोरीच्या पेशींना फांद्या फुटल्या. ती मला सांगायची, आज पोरगी बीन्स कुस्करून दिलेला भात पोटभर जेवली. पुढे पुढे ती सांगायची की जेवण संपायला दीड तास लागतो, घास घशात अडतो, खोकला येतो, ओठ काळेनिळे होतात. दोनदा छातीत कफ भरून इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता तोंडानं भरवणं धोक्याचं आहे. पोटावर छोटं छिद्र करून नळी बसवू, अन्न थेट जठरात जाईल. तारीखही दिली, चौदा ऑगस्ट.

"मी रोज तीनशे पोरांना जेवू घालते," मार्लूसिया म्हणाली. "आणि माझ्या पोरीच्या पोटात गाडीत पेट्रोल भरतात तसं ओतू? तिला चव कळते, दोना रोझाल्वा. बोलत नाही, पण भोपळा असला की डोळे मोठे करते. ती चव पण काढून घेऊ तिच्याकडून?"

"ऑपरेशन करून घे, मार्लू," मी म्हटलं. "घास फुप्फुसात गेला तर?"

"घेते. करून घेते. जीव खालीवर होतो एवढंच."

मी तिला हे एकदा तरी सांगितलं होतं, ही गोष्ट मी पुढे किती वेळा स्वतःला ऐकवली त्याला गणती नाही.

ताइनाराच्या चेतापेशी आकारानं लहान होत्या आणि त्यांच्यातले जोड निरोगी मुलींच्या पेशींपेक्षा जवळजवळ निम्मे. डॉक्टर ओदेतनी त्या डिशांवर एकामागून एक अठरा औषधं घालून पाहिली. सतरा औषधांनी काही झालं नाही. अठराव्यानंतर जोड मोजायला मी बसले. कुठल्या डिशमध्ये औषध आहे, कुठल्यात नाही, हे मोजणाऱ्याला सांगत नाहीत. मी चार दिवस मायक्रोस्कोपला डोळे लावून मोजत होते. मग डॉक्टरांनी चिठ्ठ्या उघडल्या. औषधाच्या डिशांमध्ये जोड इतके वाढले होते की निरोगी पेशींपासून त्या फार दूर नव्हत्या.

डॉक्टर ओदेत कधी कुणाला हात लावत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माझा दंड घट्ट धरला.

"अजून कोणाला सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा करायचं. तीनदा करायचं. मग उंदीर. मग बघू."

"हो," मी म्हटलं. आणि कॉफीचा पेला घेऊन व्हरांड्यात गेले, आणि मोबाइल काढला.

तो निरोप अकरा सेकंदांचा आहे. "मार्लू, ऐक! आपली ताइनारा बरी झाली! डिशमध्ये गं, डिशमध्येच, पण बरी झाली! औषधानं काम केलं!" मागे मी हसतेय. जुलैची सात तारीख होती.

तिचा निरोप लगेच आला. आधी नुसतं रडणं, मग हसणं, मग देवाचे आभार. मग विचारलं, "किती दिवस लागतील?"

"वेळ लागेल, लाडके."

"वेळ म्हणजे? ख्रिसमसपर्यंत?"

मला ठाऊक होतं. डिशमधून निघालेलं औषध मुलीच्या तोंडापर्यंत जायला दहा वर्षं लागतात, बारा लागतात, बहुतेक औषधं तर वाटेतच संपतात. हे मला पाठ होतं, दर शुक्रवारी इतर आयांना मी हेच सांगायची. पण तिचा आवाज कानात होता. मी लिहिलं, "बघू."

ऑगस्ट गेला. मी ऑपरेशनचं विचारलं नाही. खरं म्हणजे विसरले. प्रयोग पुन्हा करायचा होता, त्या धांदलीत होते. तिचे निरोप येत होते. पोरीला नवा फ्रॉक शिवला. पोरगी आज पंख्याकडे बघून हसली. मी त्यावर हृदयाची चित्रं पाठवायची.

ऑक्टोबरमध्ये दहा दिवस काहीच आलं नाही. मग एका मंगळवारी दुपारी जेनिवाल्दोचा फोन आला. त्याच्याशी मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"ताइनारा शनिवारी गेली," तो म्हणाला. "घास छातीत गेला होता. चार दिवस ताप. मशीनवर ठेवलं होतं. तुम्हाला कळवायला हवं म्हणून केला."

 मी विचारलं, "नळी होती ना पण? ऑगस्टमध्ये..."

"नळी कुठली? मार्लूसियानं तारीख रद्द केली ना." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. थकलेला होता. "तुमचं औषध ख्रिसमसला येणार होतं म्हणून. म्हणाली, थोड्या महिन्यांसाठी पोरीचं पोट कशाला फाडायचं, औषध आलं की गिळायला लागेल. मी ट्रकवर होतो. मी म्हटलं, तुला जास्त कळतं."

फोन ठेवल्यावर मी तशीच डॉक्टर ओदेतच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. निरोप ऐकवला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. मला ते हवं होतं.

"फोन मी करायला हवे होते," त्या म्हणाल्या. "मला जमत नाही म्हणून तुमच्या गळ्यात घातले. जा, घरी जा आज."

मी घरी गेले नाही. पेशींना पाणी बदलायचं होतं. ताइनाराच्या सहा डिशा होत्या. हात धुतले, हातमोजे घातले आणि एकेक डिश बाहेर काढून त्यांना खायला घातलं. दुसरं काय करणार होते?

तीन आठवड्यांनी मार्लूसिया आली. न कळवता. अंगावर काळं नव्हतं, शाळेत जाताना घालायची तोच निळा सदरा होता. मला बघून तिनं नुसती मान हलवली. डॉक्टरांच्या खोलीत बसून तिनं पिशवीतून संमतीपत्र काढलं. दात देताना तिनं सही केलेलं. चौथ्या पानावर पेनानं रेघ मारलेली होती.

"इथे लिहिलंय की मला वाटेल तेव्हा मी नाही म्हणू शकते," ती म्हणाली. "आणि मग तुम्ही सगळं नष्ट करणार."

"हो," डॉक्टर ओदेत म्हणाल्या. "तो तुमचा हक्क आहे. कारणही सांगायची गरज नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "फक्त एक सांगू का? या पेशी आमच्याकडच्या सगळ्यांत चांगल्या आहेत. औषधाचं सगळं काम यांच्यावर उभं आहे. बाकीच्या मुलींच्या पेशी एवढ्या जगत नाहीत."

"जगत नाहीत," मार्लूसियानं ते शब्द तसेच परत उच्चारले. "मला बघायच्या आहेत."

मी एक डिश काढून मायक्रोस्कोपखाली ठेवली. तिला स्टूल दिलं, कसं बघायचं ते दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. डावा डोळा मिटायला तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं तो हातानं झाकला होता.

"हलत का नाहीत?"

"त्या हलत नाहीत. पण एकीकडून दुसरीकडे बारीक वीज जाते. निरोप दिल्यासारखी."

"कसला निरोप?"

"कसलाच नाही. नुसती वीज."

"दुखतं का त्यांना?"

"नाही," मी म्हटलं. "दुखायला कोणीतरी असावं लागतं. इथे कोणी नाही. इथे ताइनारा नाही, मार्लू. कधीच नव्हती."

तिनं मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला घेतला, मोबाइल उघडला आणि तो टेबलावर ठेवला. माझाच आवाज खोलीत घुमला. आपली ताइनारा बरी झाली. डिशमध्ये गं, डिशमध्येच. मग ते हसणं. अकरा सेकंद किती लांब असतात ते त्या दिवशी कळलं.

"मग बरी कोण झाली होती, दोना रोझाल्वा?"

डॉक्टर ओदेत काही बोलायला गेल्या, पण मी हात वर केला. हे माझं होतं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "पेशींमधले जोड वाढले होते. तेवढंच झालं होतं. बाकीचं मी बोलले. मला आनंद झाला होता, आणि तो मला कुणाला तरी सांगायचा होता."

 ती डॉक्टरांकडे वळली. "सही कुठे करायची?"

"दुसऱ्या मुलींचा विचार..." डॉक्टर ओदेतनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

"केला," मार्लूसिया म्हणाली. "सात तास बसमध्ये तोच केला. त्यांचेही दात पडतील. मला वाईट म्हणा, चालेल. पण रोज सकाळी उठल्यावर माझा हात आपोआप बीन्स कुस्करायला जातो. आणि तुम्ही सांगता की इथे कोणीतरी रोज तिच्या पेशींना खाऊ घालतं. दुसरी बाई. माझं पोर गेलं आणि त्याचं काहीतरी इथे उबेत बसून जेवतंय. मला हे सहन होत नाही, डॉक्टरबाई. नाही होत."

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला.

तिला ते स्वतः करायचं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिली. मी तिला पांढरा कोट दिला, हातमोजे चढवून दिले. तिचे हात भाजल्याच्या जुन्या डागांनी भरलेले होते, स्वयंपाकघरातल्या बायकांचे असतात तसे. सहा डिशा मी टेबलावर ओळीनं मांडल्या. जंतुनाशकाची बाटली तिनं धरली, मी झाकणं उघडत गेले. गुलाबी पाणी फिकं झालं आणि रंग गेला. त्यानंतर बघण्यासारखं काही नसतं. मग गोठवलेल्या तेवीस कुप्या. टाकीतून त्या काढताना वाफ येते. कुप्यांवर माझ्याच अक्षरात आकडे होते, नाव नव्हतं. नावं लिहीत नाहीत.

"यातली तिची कुठली?"

"सगळ्या."

मग ते सगळं वाफेच्या भट्टीत घातलं, त्याला पाऊण तास लागला. ती खुर्चीवर बसून होती. प्रार्थना केली नाही, रडली नाही. मध्येच एकदा तिनं विचारलं, "एवढी गरम कशाला करतात?" मी सांगितलं, काही उरू नये म्हणून. तिनं मान डोलावली.

साओ पावलोतल्या 'बारा फुंदा' नावाच्या बसस्थानकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले. तिनं ये म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही. बसला चाळीस मिनिटं होती. आम्ही बाकावर बसलो, मधे तिची पिशवी.

"तारीख मी रद्द केली," ती अचानक म्हणाली. समोरच्या बसेसकडे बघत होती. "फोन मी लावला. तू नाही लावलास." इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मला 'तू' म्हणाली होती.

"पण मी..."

"हो. तू बोललीस. दोन्ही खरं आहे." मग तिनं विचारलं, "तू 'बघू' लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं? किती वर्षं लागतात ते?"

"हो."

"किती?"

"दहा. बारा. कदाचित कधीच नाही."

तिनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"दहा म्हणाली असतीस तर मी नळी घालून घेतली असती," ती म्हणाली. "रडले असते. तुला शिव्या दिल्या असत्या. पण घालून घेतली असती."

बस लागली. मी मिठी मारायला पुढे झाले तर तिनं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली, आणि मी मागे सरले. ती चढली, पलीकडच्या खिडकीशी बसली. मला तिचं फक्त डोकं दिसत होतं.

त्या वर्षापासून घरच्यांना फोन डॉक्टर ओदेत करतात. अजूनही त्यांचं बोलणं आयांना कळत नाही. आया दोनदोनदा विचारतात आणि त्या दोनदोनदा सांगतात, दहा वर्षं, किंवा कधीच नाही. औषधाचं काम दुसऱ्या मुलींच्या पेशींवर पुन्हा पहिल्यापासून केलं. तेरा महिने जास्त लागले. तिथेही जोड वाढले. मग उंदरांना दिलं, तर उंदरांची यकृतं निकामी झाली. दोन वर्षांनी ते औषध सोडून द्यावं लागलं.

मार्लूसियाला हे सांगावं की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. मग एका दुपारी फोन लावला. नंबर तोच होता. तिनं उचलला, माझा आवाज ओळखला. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं. उंदीर, यकृत, औषध बंद. त्या पेशी राहिल्या असत्या तरी काही फरक पडला नसता, हेही सांगितलं.

 

"म्हणजे ते यायचंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी कितीही थांबले असते तरी."

"हो."

 

"हे तू माझ्यासाठी सांगितलंस की तुझ्यासाठी?" तिनं विचारलं.

"तुझ्या..." मी सुरुवात केली. 

"राहू दे," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता. "खरं सांगितलंस ते बरं केलंस. पण आता मला फोन करत जाऊ नकोस."

मी "बरं" म्हटलं. त्यानंतर केलेला नाही.